ठोसेकाकांच्या मुठीवरचा फुगा

ठोसेकाका हे काही त्यांचं आडनाव नव्हे. माणूस इतका मऊ, की झुरळ दिसलं तर मारायला बायकोला हाक मारायचा. पण हातात ब्रश आला की असा ठोसा काढायचा, की वाचणारा मान मागे घेई. आमच्या चित्रकथांचा नायक लोहबाहू कित्येक वर्षं त्यांच्याच मनगटातून निघत होता, म्हणून हे नाव पडलं.

कथा लिहायचा त्यांचा मेव्हणा, काकूंचा सख्खा धाकटा भाऊ. अक्षरांचं काम माझं. पांढऱ्या कागदाचे फुगे कापायचे, त्यात संवाद लिहायचे आणि चित्रावर डिंकाने चिकटवायचे. त्या दोघांच्या भांडणात मधे बसायचं हे पगारात धरलेलं नव्हतं, पण तेही मीच करायची.

आमची कामाची रीत जरा उफराटी होती. लेखक आधी तोंडी सांगायचा, "पुलावर मारामारी, शेवटी पूल कोसळतो." काका पानं काढायचे. मग ती पुढ्यात घेऊन लेखक शब्द लिहायचा आणि फुगा कुठे बसवायचा ते निळ्या पेन्सिलीने दाखवायचा. मारामारीचं पान आलं की ठिणगी पडलीच म्हणून समजा.

"मेव्हणे, मूठ हवेत आहे," काका म्हणायचे. "ती जबड्यापर्यंत पोचायच्या आत हा गडी एवढं बोलतो? दात आहेत की नाही अजून तोंडात?"

"भावोजी, शब्द नसले तर वाचणारा भर्रकन पान उलटेल. तुम्ही आठवडाभर घासलेलं चित्र त्याला दिसणारसुद्धा नाही. मी त्याला थांबवतो."

खरं सांगू का, दोघांचंही बरोबर होतं. चित्र माणसाला पुढे ढकलतं आणि शब्द त्याची बाही धरतात. दोन्हींतलं एक जरी ढिलं पडलं, तरी मारामारी नुसती धक्काबुक्की वाटते. पण हे त्यांना सांगणार कोण? मी आपली कात्री चालवत बसायची.

मग काकांचा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, नसांचं दुखणं आहे, हळूहळू वाढणार. काकू कपात अर्धाच चहा ओतू लागल्या. काका मात्र म्हणायचे, "हात कपावर थरथरतो, कागदावर नाही. कागदाला तो ओळखतो." या एका वाक्यावर तो माणूस उभा होता. ते खोटं आहे असं कळलं असतं, तर त्यांनी ब्रश खाली ठेवला असता. आणि ब्रशाशिवाय घरी बसून ते करणार काय होते? झुरळंसुद्धा काकूच मारायच्या.

नेमकी त्याच सुमाराला लेखकाची लेखणी सुटली. एरवी घुमा असलेला लोहबाहू मारता मारता प्रवचनं झोडू लागला. काका भडकले. "मुठीवर फुगा? अहो, लोक मूठ बघायला पुस्तक घेतात. डोकं ठिकाणावर आहे ना?" लेखक खाली मान घालून म्हणायचा, "कथेची गरज आहे, भावोजी." मलाही त्याचा राग आला होता. शब्दांचा इतका सोस बरा नव्हे.

पण चिकटवणारीला चित्र फार जवळून दिसतं. निळी खूण नेमकी तिथेच असायची, जिथे रेघ वाकडी गेलेली असायची. कधी मनगटाची कड, कधी बोटांची पेरं. ते लक्षात आल्यावर मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. फुगे तेवढे थोडे मोठे कापू लागले.

एका दुपारी लोहबाहूचा जुना अंगरखा बघायला म्हणून काकांनी छपाईहून परत आलेली पानं काढली. डिंक वाळला होता. एक फुगा त्यांच्या हातातच आला. खालची मूठ त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिली. मग नखाने दुसरा फुगा उचकटला.

"काका, राहू द्या, कागद फाटेल," मी म्हटलं.

त्यांनी ऐकलं नाही. टेबलभर फुगे पडले, आणि प्रत्येकाखाली तीच थरथर. "हा हे सगळं झाकत होता," ते म्हणाले, "आणि मी त्याला वाचाळ म्हणत होतो." त्यांनी ब्रश धुतला, फडक्यात गुंडाळला आणि ते घरी गेले.

ते परत येईनात. लेखकाचं तोंड एवढंसं झालं. "ताई, आता त्यांना काय सांगू?" तो मला म्हणाला.

"समजूत घालू नका," मी म्हटलं. "काम सांगा."

तो बहिणीच्या घरी गेला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "लोहबाहू दमलाय. पूल पडतोय, खाली त्याचा वैरी अडकलाय. या वेळी ठोसा मारायचा नाही भावोजी, पूल धरून ठेवायचाय."

पुढच्या आठवड्यात काका पान घेऊन आले. पानभर दोनच हात, आणि खांद्यापासून नखांपर्यंत रेघ थरथरत होती. पूल हलतोय की माणूस, काही कळत नव्हतं. बघता बघता माझेच खांदे भरून आले. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

लेखक निळी पेन्सिल घेऊन पानावर बराच वेळ वाकून बसला. मग त्याने पेन्सिल ठेवून दिली.

"फुगा कुठे?" काकांनी विचारलं.

"जागा नाही, भावोजी. झाकण्यासारखं काहीच नाही यात."

काकांनी पान आपल्याकडे ओढलं. पेन्सिल उचलली आणि पुलाखालच्या अंधारात, वैऱ्याच्या तोंडापाशी, एक वाकडातिकडा छोटा गोल काढला. "इथे बसेल एक," ते म्हणाले. "लिहा मेव्हणे. एकट्याला नाही पेलायचं हे."

लेखकाने लिहिलं, "सरक जरा, मीही धरतो."

मी तो फुगा अगदी लहान कापला आणि एकही रेघ झाकली जाणार नाही असा चिकटवला.