भिंतीपलीकडची चावी

आईनं लग्नात मला जाड बुडाचा एक पितळी तांब्या दिला होता. माझा निम्मा संसार त्या तांब्यानं बोलून झाला असं म्हटलं, तर लोक हसतील. हसोत बापडे.

सासर मंगरूळपीरच्या बाहेर, मळ्यातच. वांगी, मेथी, पुदिना. विहिरीवर मोट चालायची, मोटेचं पाणी उंचावरच्या हौदात पडायचं आणि हौदातून एक लोखंडी पाइप भिंत फोडून न्हाणीत आलेला. सासूबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून तो जुना पाइप जिनिंग फॅक्टरीतून आणून बसवला होता. पण पाणी बंद करायला न्हाणीत काहीच नव्हतं. हौदात, पाइपाच्या तोंडाला चिंधी गुंडाळलेलं लाकडी बूच असायचं. आमच्या मालकांनी ते उपसलं की पाणी आत यायचं. बादली भरली की मी तांब्यानं पाइपावर दोनदा ठोकायची. मालक बाहेरून खुरप्याच्या मुठीनं एकदा ठोकायचे आणि बूच बसवायचे.

दिवसाउजेडी नवरा-बायकोनं बोलायची पद्धत आमच्या घरात नव्हती. त्यांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं तरी सासूबाईंना खोकला यायचा. त्यामुळे दिवसभरात आमचं बोलणं म्हणजे एवढंच, माझे दोन ठोके आणि त्यांचा एक. बाजाराच्या दिवशी ते भाजी घेऊन जायचे, तेव्हा बूच बसवायला धाकटे दीर असायचे. ते मुकाट्यानं पाणी बंद करायचे. त्या दिवशी आंघोळ होऊनही माझं काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं.

एकदा ते बूच कुजून फुटलं आणि निम्मा हौद न्हाणीतून वाहून गेला. सासूबाई मालकांना म्हणाल्या, "आता पाइपाले नळाची चावीच बसवून टाक. सूनबाई आतल्या आत बंद करत जाईन."

मी खूश होईन असं सगळ्यांना वाटलं. मला मात्र रडू फुटायच्या बेतात होतं. नवऱ्याशी पाइपातून बोलता येणार नाही म्हणून बाई रडते, हे सांगायचं कोणाला? त्या दिवशी सगळ्या भाकरी मी करपवल्या आणि चुलीलाच शिव्या घातल्या.

मिस्त्री आला. पाइप कापल्याचा करकर आवाज मला चुलीपाशी ऐकू येत होता. त्यानं पाइपाला आटे पाडले, गळू नये म्हणून सफेदा चोपडला, वर अंबाडीचं सूत गुंडाळलं आणि चावी आवळून टाकली. तो हात धुऊन निघाला तेव्हा सासूबाई न्हाणीत डोकावल्या. आतला पाइप होता तसाच होता. चावी भिंतीपलीकडे, हौदाच्या बुडाशी बसली होती.

"काहून रे, आंग धुणारी ओल्यानं भाईर येऊन चावी बंद करीन काय?" सासूबाई कडाडल्या.

"मी त आतच बसोत होतो," मिस्त्री मालकांकडे बोट दाखवत म्हणाला. "यायनंच भाईर सांगतलं."

मालक शांतपणे म्हणाले, "पानी वरच्या तोंडालेच बांधा लागते, माय. मळ्यातल्या दांडाचं पानी कोनी वाफ्यात उभं राहून अडोते काय?"

मळेकऱ्याची अक्कल मळ्याबाहेर चालत नाही, म्हणून शेजारीपाजारी महिनाभर हसले. मी त्या वेळी हसू दाबायला आत तोंडात पदर कोंबून बसले होते. दुसऱ्या दिवशी बादली भरली, मी दोनदा ठोकलं. बाहेरून एक ठोका आला.

सासूबाई गेल्यावर, दोन लेकरं झाल्यावर, एकदा मेथीच्या जुड्या बांधताना मी विचारलंच. "खरं सांगा, चावी भाईर चुकून बसोली का मुद्दाम?"

त्यांनी मान वर केली नाही. "तू वाजोत जाय," म्हणाले. "मी आयकत जातो."

एवढंच. पण तसं मला पुन्हा कोणी काही बोललं नाही.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते गेले त्याच साली मुलानं मिस्त्री आणून न्हाणीत दुसरी चावी बसवून दिली. "आता तुले कोनाची वाट पाह्यची गरज नाही, माय," तो म्हणाला. लेकरानं मायेनंच म्हटलं. पण मला वाटच पाहायची होती, ते त्याला काय सांगणार?

बादली भरली की मी अजूनही तांब्यानं पाइपावर दोनदा ठोकते. पाणी काठावरून वाहून मोरीतून मागच्या पुदिन्यात जात राहतं. पाणी वाया जातं म्हणून मुलगा ओरडतो. मी थोडा वेळ थांबते आणि मग माझ्या हातानं चावी बंद करते.