कुत्र्याचं नाव होतं, बाईचं नव्हतं

सभागृह खदखदून हसायला लागलं, की पॉजकाका चित्रपट थांबवायचे. नेमकं तेव्हाच. पडद्यावरचा माणूस अर्धा पडलेला, आम्ही अर्धे हसलेले, आणि मागून वऱ्हाडी आवाज यायचा, “काहून हसले? सांगा बरं!”

काका अकोल्याकडचे, कारखान्यातून निवृत्त झालेले. महिन्यातल्या एका रविवारी विश्रांतवाडीहून स्वतःचा प्रोजेक्टर घेऊन आमच्या शनिवार पेठेतल्या छोट्या फिल्म क्लबात यायचे. सुरुवातीच्या हॉलिवूडमधल्या मूक विनोदी लघुपटांचं त्यांना वेड होतं, आणि त्यांच्यावर तितकाच रागही. एकदा भुताला घाबरून डोळे गरगर फिरवणारा काळा नोकर पाहून आमची हसून मुरकुंडी वळली. काका कडाडले, “हा काळा नाही. तोंडाले काजळी फासलेला गोरा आहे. खऱ्या माणसाले काम द्याचं जिवावर आलं, काजळी परवडली!”

कलाकारांची नामावली ते आम्हाला पूर्ण वाचायला लावत. एका लघुपटात एक काळी मोलकरीण जेमतेम अर्धं मिनिट येते, तिच्या रंगावरचा एक विनोद झेलते, मालकाच्या हातातली बशी काढून घेते आणि त्याच्याकडे अशी बघते, की सगळा भाव तीच खाऊन जाते. नामावलीत कुत्र्याचं नाव होतं, तिचं नव्हतं. काकांनी कुत्र्याच्या नावावर बोट ठेवून ते आम्हाला मोठ्यानं वाचायला लावलं.

तरुणपणी पुण्यात त्यांनी एकांकिका केल्या होत्या. रंग काळासावळा, बोली वऱ्हाडी; त्यामुळे दरवेळी रामागड्याची, घरगड्याचीच भूमिका. “मी आलो की वाक्याआधीच लोक हसत,” ते म्हणाले होते. “मले वाटे, मी लय चांगला नट आहे.”

क्लबाचा वर्धापनदिन आला. पाहुणे येणार होते. बैठकीत अध्यक्ष म्हणाले, “अहो, लोक हसायला येतात, शिकवणीला नाही. मध्ये थांबवणं बंद. आक्षेपार्ह भाग कापून टाका.” काका विरोधाला उभे राहिले, तर अध्यक्षांनी त्यांच्याच हेलात विचारलं, “काहून रागावून राह्यले?” सगळे हसले. मीही हसलो. खोटं कशाला सांगू, चांगला मोठ्यानं हसलो.

कापाकापी माझ्याच लॅपटॉपवर झाली. काजळीवाला गेला, दुसऱ्या एका लघुपटातला इस्त्रीवाला चिनी गेला, मोलकरणीवरच्या विनोदासकट मोलकरीणही गेली. तासाभराचा कार्यक्रम गुळगुळीत झाला आणि त्यात गोऱ्यांखेरीज एकही चेहरा उरला नाही. आक्षेपार्ह म्हणे! आक्षेप घ्यायचा तो आमच्या हसण्यावर घ्यायला हवा होता. शिक्षा मात्र तिला झाली, आणि ती मी केली. आजही ते आठवलं की माझी मलाच चीड येते.

वर्धापनदिनी तेच दाखवलं. टाळ्या संपल्यावर काका वायर गुंडाळत माझ्यापाशी आले. “तुम्ही अपमान नाही कापला, माणसं कापले. तिले उभं राहाले तेवढीच जागा भेटली होती.” प्रोजेक्टर उचलून ते निघून गेले.

पुढच्या महिन्यात मी फोन केला. म्हटलं, “काका, या ना, तुमच्याशिवाय मजा नाही.”

“आपण कार्यक्रम करावा,” पलीकडून उत्तर आलं. “मला येणं जमणार नाही. आपण आठवण ठेवलीत, आभारी आहे.”

स्वच्छ, पुस्तकी, पुणेरी मराठी. बारा वर्षांत ते माझ्याशी असं कधी बोलले नव्हते. मला हसता येईल असा एकही शब्द त्यांनी त्यात ठेवला नव्हता.