लोखंडाला विटाळ नसतो

पाळी थांबून वर्षे लोटलेल्या बाईला पुन्हा रक्त जाऊ लागले, तर तो विटाळ कसा?

लोहाराकडून तापल्या लोखंडाचा वास आला, की पूर्णगडची आमची पडवी दिसते. आजी अशीच रक्त जाऊन मेली होती; मग आईही तशीच रक्त जात पडवीत बाहेर बसली होती. कर्करोग हे नाव आम्हांला ठाऊक नव्हते.

"मला डाक्तरकडं न्या," आई म्हणाली.

"विटाळशीला डाक्तर शिवेल होय, वयनी?" काका हसला. डाग दिला की रक्त थांबते आणि लोखंडाला विटाळ नसतो, म्हणून त्याने तापवून लाल केलेला विळाच तिच्या ओटीपोटावर दाबला. कातडी चरचरली. मी त्याच्या मनगटाचा लचका तोडला.

आई गेलीच. तेव्हा काकाचा जीव घ्यावासा वाटला. आज 'विटाळ' या शब्दाचा घ्यावासा वाटतो. आता मलाही अवेळी रक्त जाते, आणि मी दवाखान्यात निघाले आहे. तुमच्या घरात कोणी अशी बाहेर बसली असेल, तर तिला आजच डॉक्टरकडे न्या.