बाजार न भरणाऱ्या गावांच्या अक्का

पार्वतीअक्कांना मी पहिल्यांदा पाहिले ते मुरुमच्या दवाखान्याच्या ओसरीवर. निजामाचे राज्य जाऊन फार वर्षे लोटली नव्हती. मी तुळजापूरच्या पुजाऱ्यांच्या घरातली. नर्सचे शिक्षण पुरे करून पहिल्याच नेमणुकीवर मुरुमला आले होते. डॉक्टर अधूनमधून येत, एरवी दवाखाना माझ्यावर आणि कंपाउंडरवर चाले. एका सकाळी दारात बैलगाडी थांबली आणि इरकली लुगडे नेसलेल्या, कपाळावर विभूती लावलेल्या एक उंच बाई खाली उतरल्या. त्यांच्या कडेवर एक मुलगी होती. चालत्या वयाची पोर कडेवर कशाला, म्हणून मी जरा करड्या आवाजातच म्हटले, "आजीबाई, नातीला खाली उतरवा, चालू द्या तिला."

"नात न्हवं माझी," त्या म्हणाल्या. "हिची लेक हाय." मागे एक कृश बाई पदर सावरत उभी होती. ती सोजरबाई, बोरखडी गावाच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. अक्कांच्या मळ्यात ती फक्त मिरचीच्या तोडणीपुरती यायची. आदल्या दिवशी कामावरून परतताना तिची चंद्रा पाटाच्या काठावरून पाण्यात पडली. सोजरबाईने तिला धपाटा घालायला हात उगारला, तर पोर म्हणाली, "आये, मला पाट दिसलाच न्हाय." तेव्हा कळले, की दिवस मावळला की या पोरीला दिसेनासे होते. अक्कांनी तिला रात्रभर मळ्यातच ठेवून घेतले आणि सकाळी गाडी जुंपली. मोठ्या शेतकऱ्याच्या घरची बाई, आणि वस्तीतले लेकरू कडेवर घेऊन भर बाजारपेठेतून आलेली. त्या काळी मुरुममध्ये ही गोष्ट कोणाच्या नजरेतून सुटणारी नव्हती. अक्कांना मात्र आपण काही विशेष करत आहोत असे वाटत नव्हते.

मी चंद्राचे डोळे पाहिले. डाव्या बुबुळावर पांढरे फूल पडले होते. उजवा वाचण्यासारखा होता. मी औषध दिले, माशाच्या तेलाची बाटली दिली आणि सांगितले की खरे औषध म्हणजे हिरवी पालेभाजी. ती पोटात जात राहिली नाही, तर दवाखान्याचा उपयोग तेवढ्यापुरताच.

"बाई, भाजी कुठनं आणू?" सोजरबाई म्हणाली. "आमच्या बोरखडीत बाजार भरत न्हाय. पावसाळ्यात रानातला पाला खुडून खातो. एरवी भाकर आन् मिरची. मुरुमच्या बाजाराला यावं तर दिवसाचं काम बुडतं."

 निघताना अक्का गाडीच्या चाकावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "माझ्या मळ्यातली मेथी रोज मोटारीच्या टपावर बसून सोलापूरला जाती, बाई. आन् दोन कोसावर ही पोर आंधळी व्हाया लागली. हे बरं न्हवं."

चंद्राचा उजवा डोळा वाचला. डावा गेला तो गेलाच.

आज अक्कांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या फिरत्या बाजाराविषयी पुष्कळ जण लिहितील. त्याची सुरुवात मी जवळून पाहिली, म्हणून तेवढी सांगते.

अक्कांच्या मनात आले ते असे: बाजार ज्या गावात भरत नाही, त्या गावात बाजारच गाडीत घालून न्यायचा. आठवड्यातल्या ठरलेल्या वारी ठरलेले गाव, म्हणजे बायकांना आधीच ठाऊक राहील. घरात हे बोलल्याबरोबर गहजब झाला. त्यांचे थोरले दीर म्हणाले, "आपल्या घरची बाई दारोदार भाजी विकत हिंडणार? पावण्यारावळ्यांत तोंड कसं दाखवायचं?" अक्कांचे यजमान मल्लप्पाअण्णा हे अबोल गृहस्थ. थोरल्या भावाच्या शब्दाबाहेर ते कधी गेले नव्हते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि ते उठून गेले. अक्कांना वाटले, विषय संपला. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या मळ्यात गेल्या, तर अण्णांनी गाडीवर तट्ट्याचे छप्पर बांधले होते, ओली बारदाने अंथरली होती, बैल जुंपले होते आणि कासरा धरून ते स्वतः पुढे बसले होते. "चला," एवढेच ते म्हणाले. हा प्रसंग अक्का आजही सांगतात. "माझ्या अंगात लई हिंमत हाय असं लोक म्हणत्यात," त्या म्हणतात, "पर त्या दिशी यांनी कासरा धरला नसता, तर मी घरातच बसले असते."

सुरुवातीला गाडीत मेथी, चुका, शेपू, तांदूळजा, वांगी आणि शेवग्याच्या शेंगा असत. पुढे शेजारच्या मळ्यांतले दोघे-तिघे बागाईतदारही आपला माल देऊ लागले. पैसे नसतील त्या बायका ओंजळभर ज्वारी आणत, तीही चाले. दवाखान्याला सुट्टी असेल तेव्हा मीही गाडीत बसून जाई. अक्का भाजी विकत आणि मी लेकरांचे डोळे, जिभा, हिरड्या पाही. त्यांनी मला तेव्हापासून 'तंगी' म्हणायला सुरुवात केली. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण.

अक्कांचा स्वभाव गोड आहे असे मी लिहिले, तर त्यांनाच हसू येईल. जुडी उलटीपालटी करून पाहणाऱ्या बाईला त्या म्हणत, "मेथीला गुदगुल्या करू नगं, घ्यायची तर घे." भाजी शिजवून पाणी ओतून टाकणाऱ्या सुनांना तर त्यांनी भर रस्त्यात फैलावर घेतलेले मी पाहिले आहे. पण शिव्या खाल्लेली बाई पुढच्या वारी हमखास गाडीपाशी उभी असे.

खरी कसोटी लागली ती बोरखडीत. तिथे गाडी मारुतीच्या पारापाशी थांबायची. दोन-तीन खेपांनंतर अक्कांच्या ध्यानात आले, की जिच्या लेकीसाठी हे सगळे सुरू केले, ती सोजरबाई गाडीपाशी येतच नाही. वस्तीतल्या बायका लांब उभ्या राहत. गावातल्या बायकांचे घेऊन झाले, की उरलासुरला, कोमेजलेला पाला कोणीतरी त्यांच्यापुढे टाकी. पुढच्या खेपेला अक्कांनी गाडी पाराकडे नेलीच नाही. गाव आणि वस्ती यांच्यामधल्या वाटेवर, कडुलिंबाखाली उभी केली आणि ज्या आधी येतील त्यांना आधी, असा नियम ठेवला.

गावचे पाटील आले. बोलले अदबीनेच. "अक्का, तुम्ही मोठ्या घरच्या. तुम्हाला शिकवायचं न्हाय. पर त्यांनी हात लावलेली भाजी आमच्या बायका घेणार न्हाईत."

"मग नगा घेऊ, पाटील," अक्का म्हणाल्या. "ज्याची त्याची मर्जी."

त्या दिवशी गावातले कोणी फिरकले नाही. पण अक्कांना त्याहून लागले ते सोजरबाईचे बोलणे. ती जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "अक्का, तुमी संध्याकाळी तुमच्या घरी जाल. आमी इथंच ऱ्हातो. उद्या गावानं काम बंद केलं तर?"

अक्का गाडीतून खाली उतरल्या. मी तिथेच होते. त्यांचा चेहरा उतरलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्या म्हणाल्या, "हे माझ्या डोक्यात आलंच न्हवतं. तुमी सगळ्या मिळून ठरवा. गाडी पाराला न्हे म्हणाल तर न्हेते. येऊच नगं म्हणाल तर येत न्हाय."

वस्तीतल्या बायका आपसांत बोलल्या. पुरुषही आले. चर्चा बरीच झाली आणि तिच्यात भांडणही झाले. शेवटी सोजरबाईच परत आली. "ऱ्हाऊ द्या गाडी हितंच," ती म्हणाली. "काम न्हाय दिलं तर सडकेच्या कामावर जाऊ. एक डोळा गेला माझ्या लेकीचा. आता मागं सरून काय वाचवायचं?"

पुढचे काही आठवडे फार अवघड गेले. गावाने वस्तीतल्या काही जणांचे काम खरोखरच बंद केले. अक्कांनी जमेल तितक्यांना आपल्या मळ्यात घेतले. बाकीचे सडकेवर गेले. उरलेली भाजी परत आणून बैलांपुढे टाकावी लागे. माल देणाऱ्या बागाईतदारांपैकी एकाने अंग काढून घेतले. थोरल्या दिरांना बोलायला निमित्त मिळाले. अक्का मला म्हणाल्या, "तंगी, मी चुकले का गं? माझ्या हट्टापायी त्यांच्या चुली विझल्या तर?"  मी त्यांच्याबरोबर पुढच्या खेपेला गेले, एवढेच.

त्या खेपेला लिंबाखाली वस्तीतल्या चार-पाच बायका उभ्या होत्या. गावाच्या वेशीतून एक म्हातारी काठी टेकत येताना दिसली. पाटलांच्या आई होत्या त्या. गावच्या रस्त्याने भर दिवसा, सगळ्यांच्या देखत, त्या सावकाश चालत आल्या आणि वस्तीतल्या बायकांच्या मागे उभ्या राहिल्या. सोजरबाई घाबरून बाजूला सरकली. म्हातारी म्हणाली, "सरकू नगंस. तू आधी आलीयास, तू आधी घे."

त्यांची पाळी आल्यावर अक्कांनी विचारले, "अव्वा, काय देऊ?"

"आंबट चुका दे. नातसुनेला दिवस गेल्यात. अन्नाला तोंड लावत न्हाय पोर."

मागून पाटील लगबगीने आले. "आई, घरी चल. काय पायजे ते मुरुमहून मागवतो की."

"मुरुमहून यायला सांज व्हतीया, बाबा. चुका हितं हाय." म्हातारीने जुडी ओच्यात घेतली. "आन् तू हितं उभा ऱ्हाऊन काय करतोस? एक तर वांगी घे, न्हायतर वाट सोड."

पाटलांनी वांगी घेतली नाहीत. ते मान खाली घालून निघून गेले. पण पुढच्या खेपेला गावातल्या दोन सुना आल्या, त्यानंतर आणखी काही. वस्तीवरच्यांचे बंद झालेले कामही हळूहळू सुरू झाले. सगळे गाव बदलले असे मात्र मी लिहिणार नाही. ज्यांनी त्या गाडीवरची भाजी कधीच घेतली नाही आणि आजही घेत नाहीत, अशी घरे बोरखडीत आहेत. त्यांच्याविषयी अक्का कधी वावगे बोलत नाहीत. "त्येंच्या वाटणीची जुडी मी टाकतेच गाडीत," एवढे म्हणतात.

पुढे एक वर्ष पावसाने फार ओढ दिली. अक्कांच्या विहिरीचे पाणी खाली गेले आणि सायंकाळपर्यंत चालणारी मोट दुपारीच थांबू लागली. उसाला पाणी द्यायचे की भाजीच्या वाफ्यांना, हा प्रश्न घरात उभा राहिला. ऊस वाळला आणि वाफे राहिले. गाडीत तेव्हा जेमतेम काही जुड्या असत. त्याच वर्षी अक्का गाडीतून शेवग्याच्या फांद्या नेऊ लागल्या. न्हाणीचे पाणी जिथे जाते तिथे त्या स्वतः फांदी रोवून देत आणि पाला कसा शिजवायचा तेही दाखवत. मी विचारले, "अक्का, घरोघरी शेवगा झाला तर तुमच्या गाडीकडे कोण येणार?"

"न येऊ देत की," त्या म्हणाल्या. "गाडी काय हौसेनं फिरवते व्हय मी?"

त्यांच्या प्रेमाचा मला आलेला एक अनुभव सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. मुरुमला असताना मी तापाने अंथरुणाला खिळले. अक्कांनी मला गाडीत घालून आपल्या घरी नेले. निरोप मिळताच तुळजापूरहून माझी आई आली. आमच्या घरी सोवळ्याओवळ्याचे फार. परक्या घरात शिजलेले आई खाणार नाही, हे मला ठाऊक होते, आणि मी अंथरुणात पडल्या पडल्या संकोचून गेले होते. अक्कांनी काही विचारले नाही. परसात एक नवी चूल मांडली, कोरी भांडी काढून ठेवली आणि आईला म्हणाल्या, "आई, तुमचं तुमी करा, लाकडं हितं हाईत." आई काही दिवस तिथे शिजवत राहिली. माझा ताप उतरू लागला तेव्हा एका सकाळी मी पाहिले, तर परसातली चूल थंड होती आणि आई अक्कांच्या स्वयंपाकघरात बसून त्यांच्याकडून उसळीची कृती समजावून घेत होती. या गोष्टीचा त्या दोघींनी कधीच उच्चार केला नाही.

आता अक्कांनी साठी गाठली आहे. मुरुमपर्यंत पक्की सडक झाली आहे, मोटारी वाढल्या आहेत, आणि काही गावांत आठवडी बाजारही भरू लागले आहेत. जिथे बाजार सुरू होतो, तिथली खेप अक्का बंद करतात आणि आणखी आतल्या गावी जातात. मल्लप्पाअण्णांना आता नीट ऐकू येत नाही, पण बैल अजून त्यांच्याच हाकेने चालतात. अक्कांचे गुडघे दुखतात. गाडीतून उतरताना त्या माझा खांदा धरतात आणि वर मलाच म्हणतात, "तंगी, तू लई सुकलीस."

सत्काराची तारीख ठरवायला आम्ही मंडळी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा सगळ्यांच्या सोयीचा म्हणून आम्ही बुधवार सुचवला. अक्का म्हणाल्या, "बुधवार नगं. बुधवारी पलीकडच्या तांड्यावरच्या बायका वाट बघत्यात. तुमी हार घालाल, भाषणं कराल, आन् त्या उन्हात उभ्या." म्हणून हा समारंभ गुरुवारी होत आहे. ज्यांची त्यामुळे गैरसोय झाली असेल, त्यांनी समजून घ्यावे.

अक्कांच्या गुडघ्यांनी त्यांना अजून पुष्कळ वर्षे गाडीत चढू-उतरू द्यावे. अण्णांची साथ आणि विहिरीचे पाणी त्यांना पुरत राहावे. त्यांचे बोलणे आहे तसेच तिखट राहावे आणि ते ऐकायला आम्हीही राहावे. आई तुळजाभवानीपाशी मी आणखी एक मागणे मागते, आणि ते अक्कांना आवडेल अशी माझी खात्री आहे: त्यांच्या हयातीतच असा एक दिवस यावा, की कोणत्याही गावाला त्यांच्या गाडीची वाट पाहावी लागू नये, आणि त्या दिवशी अक्कांनी दुपारी निवांत झोपावे.