कुणासाठी बंद?

राजाभाऊंना हॉस्पिटलमध्ये शेवटचं भेटलो तेव्हा भेटीची वेळ संपली असं सांगायला नर्स आली. मी उठलो, तर त्यांनी माझी बाही धरली. "आधी शेजारच्या खोलीत बघ. त्यांचे पाहुणे गेलेत का?" मी डोकावून आलो. गेले होते. "मग जा," म्हणाले आणि समाधानानं डोळे मिटले. त्याच आठवड्यात ते गेले. हृदयानं दगा दिला... स्वतःच्या हृदयावरही त्यांचा फारसा विश्वास नव्हताच म्हणा. आता महिना होत आला, पण मला अजून फार चुकल्याचुकल्यासारखं होतं.

राजाभाऊ नागपूरचे, आंबेडकरी बौद्ध घरातले, पुलांचं काँक्रीट तपासणारे इंजिनिअर. मी पुण्याचा. डेन्व्हरला आम्ही एकाच ऑफिसात होतो. डब्यावरची तारीख वाचूनही ते दूध हुंगून बघायचे, हवामानाचा अंदाज ऐकून खिडकीतून हात बाहेर काढायचे. आम्ही त्यांना 'सीआयडी' म्हणायचो आणि त्यांना ते आवडायचंही. हिवाळ्यात आम्हा मराठी मंडळींची एक ठरलेली सहल असे. डोंगरातल्या सरकारी जंगलात जायचं. बर्फ पडला की तिथल्या रस्त्यावर आडवा लोखंडी दांडा लागायचा आणि पाटी, 'हिवाळ्यात बंद'. आम्ही दांड्याअलीकडे गाड्या लावून पुरीभाजी खायचो, पाटीपाशी फोटो काढायचो आणि घरी यायचो. बंद म्हणजे बंद, एवढंच आम्हाला आपल्याकडे शिकवलेलं. अमेरिकन लोक मात्र स्की खांद्यावर टाकून दांड्याच्या बाजूनं खुशाल आत जात. त्यांच्याकडे काहीतरी परवाना असेल, असं मी सगळ्यांना छातीठोकपणे सांगायचो.

"बंद, पण कुणासाठी?" राजाभाऊ विचारायचे. मी हसायचो. एकदा मात्र त्यांनी सांगितलं, की आईच्या माहेरची माणसं गावातल्या देवळापाशी पोचली की 'आज बंद आहे' असं उत्तर मिळायचं आणि आत घंटा वाजत असायची. "तुला पाटी दिसते, यार. मला घंटा ऐकू येते." मग मी विचारलं, एवढा संशय आहे तर तुम्ही जाऊन विचारत का नाही? त्यावर ते उठून गाडीचे टायर तपासायला लागले. विचारलं आणि 'तुमच्यासाठीच' असं उत्तर आलंच तर काय, ही भीती मला तेव्हा कळली नाही.

मग एका हिवाळ्यात त्यांची आई आली. त्या दांड्यापलीकडे थोड्याच अंतरावर तळं होतं. ते गोठतं आणि त्यावरून लोक चालतात, हे तिला पटेना. "पान्यावर मानसं चालतेत? काहीबी सांगतं तू," म्हणाली. मुलाचा स्वभाव कुठून आला ते मला तेव्हा समजलं. तिला तळं दाखवायचंच होतं, पण राजाभाऊ धास्तावले होते. "माझ्या आईला मी इथल्याही दारातून परत फिरवणार नाही. आधी खात्री करायची." साक्षीदार म्हणून मला घेऊन ते जंगलखात्याच्या चौकीत गेले. तिथला तरुण अधिकारी म्हणाला, "दांडा गाड्यांसाठी आहे. चालत कुणीही जा." राजाभाऊंनी विचारलं, "आम्हीसुद्धा?" तो गोंधळला. "आम्ही म्हणजे?" बाहेर आल्यावर राजाभाऊ मला म्हणाले, "न कळल्याचं सोंग करत होता का रे?"

रविवारी आम्ही निघालो. आईनं लुगड्यावर सुनेचा कोट चढवला होता, पायात जाड बूट. राजाभाऊंनी आधी एका गोऱ्या जोडप्याला पुढे जाऊ दिलं, ते वळणाआड गेल्यावर आईचा हात धरला. दांड्यापाशी ती अडखळली. "हे बंद हाय ना?"

"गाड्यांसाठी, आई. माणसांसाठी नाही."

तळ्यावर पोचल्यावर त्यांनी काठीनं बर्फ ठोकून ठोकून पाहिला, तेव्हा कुठे आईला त्यावर उभं केलं. ती बूट आपटून खुदकन हसली. राजाभाऊ मात्र सारखे रस्त्याकडे बघत होते. "राजा, मांगं काय पायतं?" "काही नाही." कोणीही आलं नाही. मग निघता निघता आईनं विचारलं, "पुन्हा येता येईन काय इथं?" "येईल. केव्हाही," राजाभाऊ म्हणाले. पुढे 'बहुधा' नाही, 'बघू' नाही. मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला.

राजाभाऊ गेल्यावर मी नागपूरला आईच्या शेजाऱ्यांकडे फोन लावला. आई बराच वेळ नुसती रडत होती. मग म्हणाली, "मी पुन्हा येनार होती ना... नातीले, राजाच्या पोरीले, घेऊन जाजो त्या तळ्यावर. तिले कोनी अडवनार तर नाही?"

"नाही, आई. कुणी अडवणार नाही," मी म्हणालो.

फोन ठेवला, पण मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि चौकीत जाऊन पुन्हा विचारून आलो.