चार राखाडी सदरे

मोहाडीत चंद्रभानभाऊ हातमागावर कापड विणतात. त्यांचं वय चौपन्न, माझं चोवीस. तरी आमची दोस्ती आहे. मी मराठीत एम. ए. करून घरी बसलो आहे, आणि त्यांना मागावर बसल्या बसल्या बोलायला कुणीतरी लागतं.

त्यांच्याकडे चार सदरे आहेत. चारही राखाडी. एकाच ताग्यातले, त्यांनीच विणलेले. दोन काळ्या पँटी. बस. प्रत्येक सदऱ्याच्या कॉलरीत आतून लाल दोऱ्याच्या गाठी असतात. पहिल्याला एक, चौथ्याला चार. त्या क्रमाने पाळी लागते. कॉलर झिजली की ते ती उसवतात आणि उलटून पुन्हा शिवतात. सदरा आणखी चार वर्षं चालतो.

मी त्यांना एकदा मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. मोजक्या, एकमेकांवर शोभणाऱ्या कपड्यांत वर्ष कसं काढायचं, ते एक शहरातली बाई सांगत होती. तिने पलंगावर तेहतीस कपडे मांडले होते.

"तेहतीस?" भाऊ म्हणाले. "दुकान टाकून राहिली का?"

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचं, हर्षाचं, लग्न जमत आलं. मुलगा सानगडीचा, कैलाश. दोघं साकोलीला एकाच बँकेत. त्यांनी एकमेकांना कधीच पसंत केलं होतं, घरच्यांनी फक्त हो म्हणायचं होतं. मुलाकडचे पाहायला आले. भाऊ राखाडी सदऱ्यात. भाऊ सानगडीला घर पाहायला गेले. राखाडी. तिकडे एक बारसं होतं, त्यालाही गेले. राखाडी.

मग निरोप आला. कैलाशची आजी, गोदावरीबाई, अडून बसली होती. मुलीच्या बापाला एकच सदरा आहे. जो स्वतःच्या अंगाला कापड लावत नाही, तो वरातीला काय जेवू घालणार? रविवारी अकराला ती स्वतः येईल आणि काय ते सांगेल.

हर्षाचे डोळे रडून सुजले होते. "बाबा, एक चौकडीचा सदरा घ्या ना. पाया पडते तुमच्या."

"काहून? माह्याजवळ चार हायेत. चारही दाखवतो."

रविवारी पहाटे भाऊंनी चारही सदरे धुतले. फाटकातून शिरताच दिसावेत असे अंगणात दोरीवर ओळीने टांगले. लांब उभं राहून पाहिलं. एक जरा सरकवला. मग स्वतःकडे पाहिलं. अंगात बनियन होती.

"भाऊ," मी म्हणालो, "आता घालणार काय?"

त्यांनी एका सदऱ्याची बाही पिळून पाहिली. पाणी गळत होतं.

बाहेर गाडी थांबली. साडेदहाच वाजले होते.

मी माझा टी-शर्ट काढून दिला. तो त्यांच्या डोक्यातून गेला आणि खांद्यात अडकला. ओढून काढला, तर बनियन टर्रकन फाटली. हर्षाने आतून दार लावून घेतलं.

कैलाशचा हात धरून गोदावरीबाई आत आल्या. समोर फाटक्या बनियनमध्ये व्याही. बाजूला मी, उघडा.

"या, या," भाऊ हात जोडून म्हणाले.

म्हातारीने नातवाकडे पाहिलं. "मी एक सदरा म्हणत होती रे. याले तं एकही नाही."

भाऊंनी दोरीकडे बोट केलं. गोदावरीबाईंनी जाऊन मोजले. "शेजाऱ्याचे मांगून आनले असतील."

"घालून दाखवतो."

आणि त्यांनी घातले. त्या थंडीत, ओले, एकामागून एक, चारही. चारही अंगाला बरोबर बसले. चौथ्याला त्यांचे दात वाजत होते. म्हातारीने त्यांची कॉलर उलटवून पाहिली.

"ह्या गाठी कायच्या?"

"पाळी हाय त्याची."

"अन् कॉलर कोनं उलटवली?"

"म्याच."

"आमच्या याले बटनही लावता येत नाही. पोरीले येते का?"

"येते. म्या शिकवलं."

"मंग पोरगी आमची. पन लग्नात तुमाले आमच्या आहेराचा सदरा घालाचा हाय. साऱ्या सानगडीपुढं हे राखाडी चालनार नाही."

"घालीन," भाऊ कुडकुडत म्हणाले. आतली कडी निघाली.

आहेराचा सदरा जांभळा होता. चकचकीत. छातीवर सोनेरी मोर, डोळ्याच्या जागी आरसा. भाऊंनी तो दिवसभर घातला. हर्षा मांडवात बापाकडे बघून हसत होती. मला वाटलं, आता हा पेटीत जाईल.

दुसऱ्या दिवशी गेलो तर भाऊ तीन नंबरच्या राखाडीची फडकी फाडत होते. पाच कुठे ठेवायचे, म्हणाले. जांभळ्याच्या कॉलरीत तीन लाल गाठी मारून झाल्या होत्या.

परवा आम्ही आठवडी बाजारात गेलो. भाजीवाल्या बेबीबाईने मोराकडे पाहिलं.

"भाऊ, आज कोनाचं लगन?"

"कोनाचंच नाही," भाऊ म्हणाले. "याची पाळी हाय. वांगे कसे देल्ले?"