येंत्री म्हणजे जाऊ

ऐंशीच्या दशकातला मे महिना. रत्नागिरीच्या आमच्या घरी आंब्याच्या साठांचा रगाडा चाललेला, आणि माझी भाषाशास्त्राच्या एम.ए.ची तोंडी परीक्षा आठ दिवसांवर. सासूबाईंनी बजावलेलं, "एकदाच बसायचं. नापास झालीस तर पुस्तकं माळ्यावर."

थोरल्या जाऊबाईंची शाळा नववीत सुटलेली, पण डोकं वकिलाचं. एका सकाळी त्यांनी ओरडून जाहीर केलं, "धाकटीला कावळा शिवला हो!" झालं! चार दिवस बाहेर बसायचं, कामाला हात लावायचा नाही.

"आणि पुस्तकांना विटाळ नाही वाटतं?" सासूबाई.

"साहेबाच्या पुस्तकांना कसला विटाळ, आई!" जाऊबाई.

तिसऱ्या दिवशी सासूबाई बोटं मोजत पडवीत उभ्या. "गो, बारा दिवसांपूर्वीच बसली होतीस ना?"

जाऊबाईंनी जीभ चावली. एवढा बेत रचला आणि मेलं हेच विसरलो आम्ही दोघी! माझं पित्त खवळलं. "हो, खोटं बोललो. मला पास व्हायचंय!"

"एवढं शिकतेस तरी काय?"

"येंत्री," मी म्हटलं, आणि सांगत सुटले. रशियन, बल्गेरियन या भाषांच्या मूळ भाषेतला हा शब्द, अर्थ जाऊ. लिहिलेला कुठेच सापडत नाही, लेकीभाषांवरून ताडलेला, म्हणून त्याच्या पुढ्यात चांदणीची खूण काढतात. आपली जाऊ ज्या संस्कृत 'यातृ'पासून आली, त्याचंच हे भावंड. आधी तो त्यांच्या 'आई' शब्दासारखा चालायचा, मग 'सासू' शब्दासारखा चालायला लागला. जावेचं म्हणायचं तर 'येंत्रुवे'.

"म्हणजे आईचं वळण सोडून सासूचं घेतलंन?" सासूबाईंना हसू फुटलं. "शहाणी हो! बस आता. मध्येच उठलीस तर आळीभर होईल. चौथा दिवस पुरा कर."

पुण्यात परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं. काय सांगू, पडवीत बसल्यासारखं घडाघडा बोलले मी! पहिला वर्ग मिळाला. निकालाचं पत्र सासूबाईंनी आळीत घरोघर दाखवलं.

त्याच वर्षी मी जाऊबाईंचा बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म भरला. परीक्षा आठवड्यावर आली, घरात पाहुणे, आणि त्या आपल्या पोळ्या लाटतायत. तेवढ्यात मागल्या दारातून सासूबाईंचा आवाज आला, चार घरं ऐकतील असा:

"थोरलीला कावळा शिवला हो!"

दिवस त्यांनी आधीच मोजून ठेवले होते.